‘दोन-तीन महिन्यांसाठी मिळेल का?’ : लांब मुक्कामाच्या विनंत्यांचा घोळ कसा सोडवायचा

‘नमस्कार, तुमची जागा आवडली. आम्ही तिघं आहोत. तीन महिने राहायचंय, कदाचित थोडं जास्त. महिन्याचा शेवटचा रेट काय ते सांगा. थेट केलं तर बरं, साइटचं कमिशन वाचेल.’

एअरबीएनबीसारख्या साइटवरून दोन-चार रात्रींसाठी घर देणाऱ्या कुठल्याही होस्टच्या इनबॉक्समध्ये हा मेसेज या ना त्या रूपात येतो आणि एकदा यायला लागला की येतच राहतो. हो म्हणावं तर पुढचे सगळे वीकेंड हातचे जातात. नाही म्हणावं तर दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवल्यासारखं वाटतं. मग दोन दिवस घासाघीस चालते, तेवढ्यात त्याच तारखांना आलेली तीन रात्रींची चौकशी आपण लटकवून ठेवतो, आणि शेवटी तीन महिनेवाला गप्प होतो. पुढच्या आठवड्यात दुसरा कोणीतरी, पुन्हा तेच.

याचं खापर पाहुण्यावर फोडायचा मोह होतो, पण तो बिचारा विचारतोय कारण आपल्या लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवरच्या घराच्या जाहिरातीत, त्याला उत्तर सापडत नाही. आणि आपल्यालाही ते माहीत नसतं, हे त्याहून खरं. जास्तीत जास्त किती रात्री देणार, महिन्याला किती मिळालं तर परवडेल, आणि आपल्या भागात कितव्या दिवसानंतर पाहुण्याचा भाडेकरू होतो, ही तीन उत्तरं तयार नसली की प्रत्येक मेसेजला ती नव्याने शोधावी लागतात. ती एकदा बसून काढली की यातल्या बहुतेक मेसेजना दोन मिनिटांत उत्तर देता येतं.

आधी घड्याळ बघा

लांब मुक्कामाचा मेसेज आला की विचार करायला वेळ हवा म्हणून बरेच होस्ट तो तसाच ठेवतात. तो चौकशी म्हणून आलाय की बुकिंगची विनंती म्हणून, हे आधी पाहा. एअरबीएनबीवर दोन्हींसाठी 24 तासांचं घड्याळ चालतं, पण नियम वेगळे आहेत. चौकशीला नुसतं उत्तर दिलं तरी तुमचा प्रतिसादाचा दर, म्हणजे किती मेसेजना वेळेत उत्तर दिलं त्याची टक्केवारी, शाबूत राहतो. होकार-नकार नंतर देता येतो. बुकिंगची विनंती असेल तर 24 तासांत स्वीकारायची किंवा नाकारायचीच. नुसत्या गप्पा मारत बसलात तर ती कालबाह्य होते आणि फटका तुमच्या प्रतिसादाच्या दराला बसतो. नाकारल्याने प्रतिसादाचा दर घसरत नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, आणि हा दर पडेल या भीतीने नको असलेली बुकिंगं गळ्यात मारून घेतली जातात.

चौकशीच्या वेळी दिसणारं पूर्वमंजुरीचं बटण मात्र सहज दाबू नका. ते दाबलं की पुढचे 24 तास पाहुणा तुम्हाला पुन्हा न विचारता बुकिंग पक्कं करू शकतो. तुमचे प्रश्न अजून बाकी असतील तर आधी प्रश्न, मग बटण.

सेटिंगमध्ये लपलेलं कारण

असे मेसेज वारंवार येत असतील तर पहिल्यांदा कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जा. किमान रात्रींचा आकडा सगळे नीट भरतात, कारण एका रात्रीचं बुकिंग नकोसं असतं. कमाल रात्रींच्या रकान्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, आणि तिथे बहुधा काहीतरी भलामोठा आकडा पडलेला असतो. म्हणजे तुमची लिस्टिंग वर्षभर राहू पाहणाऱ्यालाही शोधात दिसत असते. वर तत्काळ बुकिंग चालू असेल तर तो तुम्हाला न विचारता तीन महिने अडवू शकतो. हे घडलं की होस्ट साइटच्या नावाने बोटं मोडतो, पण परवानगी त्याच्याच रकान्यात असते.

दुसरी जागा मासिक सवलतीची. लिस्टिंग पहिल्यांदा तयार करताना सुचवलेली सवलत ‘बरं, राहू दे’ म्हणून आपण होकारून टाकतो आणि नंतर विसरतो. एअरबीएनबीवर ती 28 रात्रींपासून लागू होते. ऐन हंगामातल्या महिन्यालाही ती आपोआप लागते, आणि घर भरलं म्हणून आनंद व्हावा तोवर पैसे बघून तोंड पडतं. ही सवलत शून्यावर आणून ठेवा. द्यायचीच असेल तेव्हा त्या पाहुण्याला खास दर पाठवता येतो.

28 रात्रींचा हा आकडा आणखी एका कारणाने लक्षात ठेवायचा. तिथून पुढे तुमचं नेहमीचं कॅन्सलेशन धोरण बाजूला पडून लांब मुक्कामाचं वेगळं धोरण लागू होतं, आणि पैसेही एकरकमी येत नाहीत. पहिल्या महिन्याचे आधी, पुढचे दर महिन्याला. 27 आणि 28 या दोन आकड्यांत एका रात्रीचा फरक दिसतो, पण व्यवहार सगळा बदलतो. म्हणून ज्यांना हा सगळा व्यापच नको असेल त्यांनी कमाल मर्यादा 27 किंवा त्याहून कमी ठेवावी आणि हा लेख इथेच सोडून द्यावा. खरंच. छोट्या मुक्कामांवर घर नीट चालत असेल तर लांब मुक्काम घेतलाच पाहिजे असं काही नाही.

परवडतं का, याचं गणित

‘महिनाभर घर भरलेलं राहील’ या वाक्याला भुलून अर्ध्या दरात घर देणारे आणि ‘माझा रेट म्हणजे रेट’ म्हणत रिकामं घर सांभाळणारे, दोघांनीही पाटी-पेन्सिल घेतलेली नसते. एकदा घ्यावी.

समजा रात्रीचा दर 100 आहे. आकडा सोयीचा म्हणून घेतलाय, आपापला टाका. चांगल्या महिन्यात 20 रात्री जातात, सात वेगवेगळ्या मुक्कामांत. म्हणजे 2000 आले. प्रत्येक मुक्कामामागे साफसफाई आणि चादरी-टॉवेलची धुलाई मिळून 12 खर्च होतात; सात वेळा म्हणजे 84. वीज, पाणी, गॅस, साबण रात्रीला 5 धरले तर 20 रात्रींचे 100. हातात उरले 1816.

आता तेच घर एका पाहुण्याला 30 रात्री दिलं. तो दिवसभर घरातच लॅपटॉप घेऊन बसणार, तेव्हा वीज-पाणी रात्रीला 5 ऐवजी 7 धरा, 210 झाले. मध्ये एकदा सफाई 12 आणि शेवटी घासूनपुसून मोठी सफाई 25. एकूण खर्च 247. छोट्या मुक्कामांइतकंच हातात पडावं असं वाटत असेल तर महिन्याचे 1816 अधिक 247, म्हणजे 2063 यायला हवेत. रात्रीला सुमारे 69. म्हणजे चांगल्या महिन्यात तुम्ही 31 टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकता. अर्ध्या किमतीत मागणारा पाहुणा 1500 देणार. त्या व्यवहारात पाचशेहून जास्त तुमच्याच खिशातून गेले.

मंदीच्या महिन्यात मात्र चित्र पार उलटतं. आठच रात्री, तीन मुक्काम: 800 आले, सफाईचे 36 आणि वीज-पाण्याचे 40 गेले, उरले 724. त्यात 247 मिळवले की 971. रात्रीला 33 सुद्धा पडत नाहीत. तोच अर्ध्या किमतीवाला पाहुणा इथे देवासारखा. मागणी तीच, उत्तर दोन. म्हणून ‘मासिक रेट’ नावाचा एकच आकडा ठरवू नका. हंगामाचा एक आणि मंदीचा एक, असे दोन आकडे कागदावर लिहून मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. साइटचं कमिशन दोन्हीकडे सारख्याच टक्क्यांनी जातं, त्यामुळे या तुलनेतून ते वगळलंय. तुमच्याकडे तसं नसेल तर धरा.

या गणितात दोन गोष्टी येत नाहीत. विनंती किती आधी आलीय ही एक. पुढच्या आठवड्यापासूनचा महिना अजून रिकामा असेल तर तो भरण्याची शक्यता तशीही कमी, सूट द्यायला हरकत नाही. पाच महिन्यांनंतरचा हंगाम आज कोणी स्वस्तात मागत असेल तर घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कडा. सात आठवड्यांचा मुक्काम बरोब्बर एखाद्या मोठ्या सुटीच्या पहिल्या दोन दिवसांवर पाय देऊन संपत असेल, तर त्या दोन दिवसांसाठी अख्खी सुटी जाते. अशा वेळी तारखा दोन दिवस अलीकडे ओढायला सांगा. बहुतेक लोक ऐकतात, कारण त्यांनी तारखा तशा ढोबळच टाकलेल्या असतात.

कोण विचारतंय?

लांब मुक्काम मागणाऱ्याला संशयानेच बघायचं, असं काही होस्टचं धोरण असतं. मला ते पटत नाही. स्वतःच्या घराचं काम काढलेलं कुटुंब, बदली होऊन नव्या गावात भाड्याचं घर शोधणारा माणूस, उपचारांसाठी रुग्णालयाजवळ राहू पाहणारे नातेवाईक, तीन महिन्यांच्या प्रकल्पावर आलेले कर्मचारी: हे सगळे खरेखुरे, आणि बहुतेकदा फार चांगले पाहुणे असतात. पार्टी करत नाहीत, टॉवेल चोरत नाहीत, रात्री अकराला वायफायचा पासवर्ड विचारत नाहीत.

त्यांना ओळखायला चौकशी समितीची गरज नसते, चार प्रश्न पुरतात. या भागात यायचं कारण काय? नक्की कोण कोण राहणार, नावानिशी? कायमचा पत्ता कुठला, आणि मुक्काम संपल्यावर कुठे जाणार? तारखा पक्क्या आहेत की पुढे वाढू शकतात? खऱ्या माणसाला यांची उत्तरं तोंडपाठ असतात, आणि तो जरा जास्तच सांगतो: घराची फरशी कशी उखडलीय, कंत्राटदार कसा टोलवतोय, सगळं. ज्याला लपवायचंय तो प्रश्नाला बगल देऊन पुन्हा दरावर येतो. चारांतला तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पुढे जायला ठिकाण नसलेला माणूस वाईट असतो असं नाही, पण चेक-आउटच्या दिवशी तो तुमच्याच घरात असण्याची शक्यता मोठी.

काही मेसेज मात्र वाचताक्षणीच बंद करावेत. ‘पैसे माझी कंपनी पाठवेल, चुकून जास्त आले तर फरक माझ्या एजंटला द्या’ ही जुनी फसवणूक आहे. आलेला चेक किंवा पेमेंट काही दिवसांनी खोटं निघतं, आणि तुम्ही दिलेला फरक मात्र खरा असतो. लांब मुक्कामाची रक्कम मोठी असते म्हणूनच हे लोक दोन रात्रींऐवजी दोन महिने मागतात. घर न पाहता, एकही प्रश्न न विचारता, पूर्ण दरात, वर आगाऊ पैसे द्यायला निघालेल्या माणसाबद्दल खूश होण्याआधी थांबा. तसंच, तिघांसाठी म्हणून घेतलेलं घर तोच माणूस दुसऱ्या साइटवर स्वतःची लिस्टिंग म्हणून टाकतो, असंही होतं. तुमच्या लिस्टिंगमधला एखादा फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघायची सवय ठेवा. मुक्काम चालू असताना तर नक्कीच.

पाहुणा कधी भाडेकरू होतो

इथे थोडा वेळ काढायला हवा, कारण बाकीच्या चुका पैशांत भरून निघतात, ही निघत नाही.

2014 साली कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमधलं एक प्रकरण बरंच गाजलं होतं. एअरबीएनबीवरून 44 दिवसांसाठी दिलेल्या फ्लॅटमधला पाहुणा 30 दिवस उलटल्यावर भाडेकरूचे हक्क सांगू लागला आणि हलेना. घरमालकिणीला त्याला बाहेर काढण्यासाठी कायद्याची प्रक्रिया सुरू करावी लागली. तिथल्या कायद्यात 30 दिवसांच्या पुढचा रहिवासी हा हॉटेलातल्या पाहुण्यासारखा उरत नाही. न्यूयॉर्कमध्येही सलग 30 दिवस राहिलेल्या माणसाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय घराबाहेर काढता येत नाही. सगळीकडे आकडा 30 च असतो असं नाही, आणि काही ठिकाणी दिवसांपेक्षा कराराचं स्वरूप, घराचा वापर किंवा एकट्याच्या ताब्यात घर आहे का, यावर ठरतं. तुमच्या भागातला नियम स्थानिक वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा. हा खर्च वायफळ नाही.

मग सुचते ती पळवाट: 28 दिवस ठेवायचं, एक रात्र बाहेर काढायचं, पुन्हा 28 दिवस. हिच्या भरवशावर राहू नका. कॅलिफोर्नियात निवासी हॉटेलांनी 30 दिवस भरू नयेत म्हणून माणसाला मुद्दाम चेक-आउट करायला लावून पुन्हा नोंद करण्यावर कायद्यानेच बंदी आहे. इतरत्र अशी स्पष्ट बंदी नसली तरी न्यायालय नोंदवहीपेक्षा वस्तुस्थिती बघतं. सामान कपाटात तसंच आहे आणि माणूस एक रात्र मित्राकडे झोपला, याला कोणी नवा मुक्काम म्हणणार नाही.

वेळ आलीच, तर कुलूप बदलणं, वीज तोडणं, सामान बाहेर काढून ठेवणं यातलं काहीही करू नका. अनेक देशांत हा गुन्हा आहे, आणि ज्या क्षणी तुम्ही तो करता त्या क्षणी बाजू पालटते. साइटच्या मदतकेंद्राला लेखी कळवा, वकील गाठा, बोलणं मेसेजवरच ठेवा.

दुसरी बाजूही आहे. काही शहरांत लांब मुक्काम हाच कायद्याने सोपा मार्ग झालाय. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचं तर शहराकडे नोंदणी लागते, होस्टने स्वतः त्या घरात हजर असावं लागतं आणि दोनपेक्षा जास्त पाहुणे चालत नाहीत. त्यामुळे तिथले बरेच होस्ट 30 आणि पुढच्या रात्रींकडे वळले. करांचंही असंच, टेक्ससमध्ये सलग 30 दिवस किंवा जास्त राहणाऱ्याला हॉटेल कर लागत नाही. थोडक्यात, तुमच्या गावात ही सीमारेषा ओलांडल्यावर काय जातं आणि काय मिळतं, दोन्ही बघा. विमा कंपनीलाही विचारा. दोन रात्रींच्या पाहुण्यांसाठी घेतलेली पॉलिसी तीन महिन्यांच्या रहिवाशाला लागू असेलच असं नाही.

ती रेषा ओलांडायचं ठरवलं असेल तर मग सरळ भाड्याच्या व्यवहारासारखं वागा: स्थानिक कायद्याला धरून लेखी करार, ओळखपत्रं, घरातल्या वस्तूंची यादी, ताब्याच्या दिवशीचे फोटो. अर्धं पाहुणचार आणि अर्धं भाडेकरार असं ठेवलं की दोन्हींचे फक्त तोटे पदरात पडतात.

‘पुढच्या महिन्यापासून थेट करूया’

पहिला महिना साइटवरून, पुढचे रोख किंवा खात्यात. पाहुणा चांगला असतो, चहा पिता पिता विषय निघतो, आणि कमिशन वाचणार असतं, त्यामुळे जीभ ‘हो’ म्हणायला उतावीळ होते. साइटवरून आलेल्या पाहुण्याला बाहेर नेणं एअरबीएनबीच्या नियमांविरुद्ध आहे आणि लिस्टिंग जाऊ शकते. त्याहून व्यवहाराची गोष्ट म्हणजे, बाहेर गेल्या दिवसापासून नुकसानभरपाई, तक्रार, पुरावा म्हणून चालणारे मेसेज, सगळं संपतं. आणि तो माणूस तुमच्या घरात कुठल्याही लेखी कराराशिवाय राहतोय. वर सांगितलेल्या सीमारेषेच्या पलीकडे, नेमका.

नकार देताना तत्त्वज्ञान सांगू नका. ‘दादा, माझा विमा साइटच्या बुकिंगवरच चालतो, त्यामुळे सगळं तिथूनच करतो’ एवढं पुरतं. कोणी वाद घालत नाही. अर्थात हे तुमच्या पॉलिसीच्या बाबतीत खरं असेल तरच म्हणा. नसेल तर ‘मी सगळे व्यवहार साइटवरूनच ठेवतो’ हेही तितकंच चालतं.

मुदतवाढ, म्हणजे खरी डोकेदुखी

सुरुवातीची विनंती नीट हाताळली तरी हा प्रश्न सुटत नाही. गुरुवारी संध्याकाळी मेसेज येतो: ‘ताई, घराचं काम अजून संपलं नाही, पंधरा दिवस वाढवून द्याल का?’ चेक-आउट शनिवारी, आणि शनिवारी दुपारी दुसरं कुटुंब यायचंय. माणूस अडचणीत आहे हे खरं, पण येणाऱ्या कुटुंबाचं बुकिंग रद्द केलंत तर दंड तुम्हाला, आणि ते कुटुंब रस्त्यावर.

उपाय बुकिंगच्या दिवशीच करायचा असतो. पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका: ‘मुक्काम वाढवायचा असेल तर चेक-आउटच्या किमान 14 दिवस आधी कळवा. त्यानंतर तारखा इतरांसाठी खुल्या होतील.’ आणि खरोखर 15 दिवस आधी तुम्हीच विचारा. लांब मुक्कामाचा शेवट जवळ आला की लोक सांगायचं टाळतात, कारण त्यांनाही नक्की माहीत नसतं. तुम्ही विचारल्यावर उत्तर द्यावंच लागतं. वाढवायचं ठरलं तर साइटवरच्या बदलाच्या विनंतीतूनच वाढवा, वाढीव रात्रींना त्या काळाचा दर लावा, आणि मूळ रात्री अधिक वाढीव रात्री ही बेरीज तुमच्या कायद्याच्या रेषेला कुठे भिडते ते बघा. बेरीज सोडून वाढीव पंधराच दिवस मोजणं ही इथली नेहमीची चूक.

दोन साइटवर लिस्टिंग असेल तर एक बारीक खोच आहे. कॅलेंडर एकमेकांना जोडलेली असली तरी बदल पोहोचायला काही तास लागू शकतात. मुदतवाढ मंजूर केली की दुसऱ्या साइटवर त्या तारखा लगेच हाताने बंद करा.

राहत असताना

तीन महिने घरात पाऊलच ठेवायचं नाही, असं अजिबात करू नका. दर पंधरा दिवसांनी सफाई मुक्कामातच धरा, तिचे पैसे दरात मिसळा, वेगळे मागू नका. वेगळे मागितले की ‘आम्ही स्वतः करू’ असं उत्तर येतं आणि दार बंद. सफाईवाल्या बाईंना काय बघायचं ते सांगून ठेवा: सिंकखालची ओल, बाथरूममधली बुरशी, गॅसची शेगडी, गाद्यांची संख्या. शेवटची गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण तिघांच्या घरात जमिनीवर पाच गाद्या दिसल्या की आणखी चौकशीची गरज उरत नाही. येण्याआधी पाहुण्याला कळवायचं, हे वेगळं सांगायला नको. बऱ्याच ठिकाणी ते कायद्यानेही बंधनकारक असतं.

याचा दुसरा उपयोग भरपाईसाठी होतो. एअरबीएनबीवर नुकसानीचा दावा चेक-आउटनंतर 14 दिवसांत करावा लागतो, आणि तीन महिन्यांनी निघालेली ओल कधीची आहे हे फोटोंशिवाय सिद्ध करता येत नाही. पंधरवड्याच्या सफाईनंतर चारच फोटो, तारखेसकट.

दुसऱ्या महिन्याचा हप्ता कधीकधी अडकतो. कार्डाची मर्यादा, बँकेचा नकार, असलं काहीतरी. हप्त्याच्या तारखेची नोंद स्वतःकडे ठेवा आणि पैसे आले नाहीत तर त्याच दिवशी साइटला लिहा. संकोचाने आठवडाभर थांबलात की तो आठवडा फुकट राहिलेला असतो.

लवकर सोडून जाणाऱ्यांबद्दलही एक सांगायचं. लांब मुक्कामाच्या धोरणात एअरबीएनबीवर पाहुणा मधेच निघाला तर राहून झालेल्या रात्रींचे पैसे आणि त्यापुढच्या 30 दिवसांचे पैसे त्याला द्यावे लागतात. 30 पेक्षा कमी रात्री उरल्या असतील तर उरलेल्या सगळ्यांचे. त्याला हे माहीत नसतं. निघायच्या दिवशी कळलं की भांडण होतं, म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगा. पुढच्या तारखा नव्याने विकल्या गेल्या तर तेवढे पैसे परत देईन, अशी तयारी दाखवलीत तर तो आठवडाभर आधी सांगून जातो, आणि तुम्हाला तारखा विकायला वेळ मिळतो.

जतन करून ठेवायची उत्तरं

नकारासाठी: ‘विचारल्याबद्दल धन्यवाद. ही जागा मी जास्तीत जास्त 27 रात्रींसाठीच देतो. तेवढ्यात काम होणार असेल तर तारखा कळवा, दर पाठवतो.’ कारणं देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोडगा येतो.

होकाराच्या वाटेवर असाल तर: ‘तीन महिन्यांचा विचार करता येईल. आधी 25 रात्री बुक करा. दोघांनाही सोयीचं वाटलं तर पुढचं दहाव्या दिवशी ठरवू. त्याआधी या चार गोष्टी कळवा...’ आणि ते चार प्रश्न. गंभीर माणूस दोन तासांत चारही उत्तरं पाठवतो. बाकीचे पुन्हा ‘शेवटचा रेट?’ विचारतात, तेव्हा पहिलं उत्तर पाठवून मोकळं व्हा.

हे सगळं करूनही मेसेज थांबत नसतील तर लिस्टिंगचं वर्णन उघडून वाचा. ‘मासिक दरासाठी संपर्क करा’ हे दोन वर्षांपूर्वी मंदीत लिहिलेलं वाक्य अजून तिथेच असण्याची बरीच शक्यता आहे. आणि दुसऱ्या साइटवरही कमाल रात्रींचा रकाना तपासा. एकीकडे बदललेला आकडा दुसरीकडे आपोआप जात नाही.